फुकटच्या पहारेकऱ्याला पगार कोण देतो?

जून महिन्यात शाळा सुरू झाली की स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, घरच्या कॉम्प्युटरला कोणता फ्री अँटिव्हायरस टाकू?" मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. कॉम्प्युटर हा माझा विषय नाही. पण सरल आणि यू-डायसची माहिती ऑनलाइन भरायची वेळ आली, तेव्हापासून ज्याला माऊस नीट धरता येतो तो शाळेचा इंजिनिअर ठरतो. कित्येक वर्षं मी या प्रश्नाला एक नाव सांगून मोकळा होत असे. आता सांगत नाही, आणि का सांगत नाही हे एकदा लिहून टाकलेलं बरं.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका आपांनी लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला. दर दहा मिनिटांनी लाल चौकट यायची: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अमुक इतके धोके सापडले, आजच पैसे भरा, सवलत उद्यापर्यंत. आपा घाबरल्या होत्या. त्या लॅपटॉपमध्ये वर्गातल्या मुलींचे आधार क्रमांक होते, शिष्यवृत्तीचे अर्ज होते, स्वतःच्या आईच्या आजारपणाची सगळी कागदपत्रं होती. पैसे भरायला त्या तयारच होत्या, फक्त कार्डावर भरायचे की यूपीआयवर एवढं विचारायला आल्या होत्या.

मी दोन तास घालवले. खरा व्हायरस एकही निघाला नाही. निघाले ते दोन वेगवेगळे फ्री अँटिव्हायरस, एकाच वेळी चालू, एकमेकांच्या पायात पाय अडकवून मशीन संथ करणारे. सोबत एक 'स्पीड वाढवणारा' प्रोग्रॅम, आणि ब्राउझरचं पहिलं पान बदलून टाकणारा एक टूलबार. हे सगळं विकत घेताना दुकानदाराने 'भेट' म्हणून टाकून दिलं होतं. लाल चौकट त्या भेटीतूनच येत होती. म्हणजे ज्याला चोर येऊ नये म्हणून दारात उभं केलं, तोच रात्रभर "चोर, चोर" ओरडून घरमालकाकडून पैसे काढू पाहत होता.

आता शब्दांचं थोडं सांगतो, कारण माझा धंदा तोच आहे. इंग्रजीतल्या स्पायवेअरला मराठीत हेरगिरीचं सॉफ्टवेअर म्हणतात. उर्दूत आपण जासूसी म्हणतो. हा अरबी जासूस मराठीतही जुना रहिवासी आहे. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या कागदपत्रांतला जासूद तो हाच. त्याच धातूपासून तजस्सुस हा शब्द होतो, म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावून खोदून काढणं. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत याला स्पष्ट मनाई आहे, आणि ती संशय आणि निंदा यांच्या मनाईसोबत आलेली आहे. आपल्यातल्या पुष्कळांना ही आयत पाठ आहे. शेजारणीच्या घरात डोकावू नये, एवढाच तिचा अर्थ आपण लावतो. आपल्या घरात कोण डोकावतंय, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

अँटिव्हायरस म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घ्या. तो कॉम्प्युटरमधली प्रत्येक फाईल उघडताना पाहतो. बहुतेक कंपन्या सोबत ब्राउझरचं एक जोडशेपूट देतात. तुम्ही कोणत्या पानावर गेलात, ते पान धोकादायक आहे का, हे ते तपासतं. म्हणजे तुम्ही कुठे गेलात हे त्याला कळतं. घरातल्या कोणत्याही नोकराला तुम्ही एवढा अधिकार दिला नसता. कपाट, तिजोरी, पत्रं, औषधं, सगळं त्याच्यापुढे उघडं. असा माणूस ठेवताना पहिला प्रश्न काय विचाराल? "तू किती चोर पकडलेस" हा नंतरचा. आधी विचाराल, "तुझं पोट कोण भरतं?" फ्री अँटिव्हायरसबद्दल नेमका हाच प्रश्न आपण गाळतो.

मी अन्याय करत नाही. फ्री अँटिव्हायरसचे उपकार मी विसरलेलो नाही. विंडोज एक्सपीच्या दिवसांत पेनड्राइव्ह सायबर कॅफेत लावला की घरी पाहुणे घेऊन यायचा. फोल्डर गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट, आणि पोरांचा अर्धा प्रोजेक्ट कुठे गेला कळायचं नाही. विंडोजसोबत त्या वेळी पुरा अँटिव्हायरस मिळत नव्हता. मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स फुकट दिलं ते २००९ मध्ये. त्या काळात हजारो घरांत फ्री अँटिव्हायरसनेच लाज राखली. मीही नात्यातल्या किती घरांत सीडी घेऊन गेलो असेन. आपल्या मातीतही हा धंदा उभा राहिला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर हे बंधू पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून क्विक हीलपर्यंत पोहोचले आणि २०१६ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात आली. त्यांचं उत्पन्न कुठून येतं ते उघड आहे: ग्राहक पैसे देतो आणि माल घेतो. तो माल घ्यावा की नाही ही वेगळी चर्चा. पण पगार कोण देतो, हे तिथे विचारावं लागत नाही.

जिथे विचारायला हवं होतं तिथे काय झालं ते पाहा. अव्हास्ट ही झेक देशातली कंपनी, फुकट अँटिव्हायरसमध्ये जगभर गाजलेली. तिची जम्पशॉट नावाची एक उपकंपनी होती. अव्हास्ट वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट बाहेर विकत होती. जानेवारी २०२० मध्ये मदरबोर्ड आणि पीसीमॅग यांनी हे उजेडात आणलं, आणि काही दिवसांतच जम्पशॉटला टाळं लागलं. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले आणि जाहिरातींसाठी ब्राउझिंगची माहिती विकण्यावर बंदी आली. २०१४ ते २०२० या काळात शंभराहून अधिक बाहेरच्या कंपन्यांना ही माहिती विकली गेली, असं कमिशनने म्हटलं. त्याच वर्षी झेक देशाच्या माहिती संरक्षण कार्यालयाने ३५ कोटी १० लाख कोरुनांचा दंड केला. गंमत पाहा, हीच कंपनी लोकांना सांगत होती की आमचं सॉफ्टवेअर तुमचा माग काढणाऱ्यांना रोखतं.

"नावं काढून टाकली होती" हा कंपनीचा बचाव. पण प्रत्येक ब्राउझरला एक वेगळा ओळख क्रमांक, प्रत्येक भेटीची वेळ आणि प्रत्येक पानाचा पत्ता एकत्र असेल, तर नाव काढून काय उपयोग? आमच्या गावात निळ्या दरवाजाच्या घरात राहणारे, सकाळी सहाला दूध आणणारे, दर गुरुवारी डायलिसिसला जाणारे गृहस्थ म्हटलं, तर नाव सांगायची गरज उरते का?

इथे आमचे एक स्नेही नेहमी म्हणतात, "सर, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचं उत्तर सविस्तर देतो. कमिशनच्या तक्रारीत त्या माहितीतून काय काय उघड होत होतं त्याची यादी आहे: आरोग्याच्या चिंता, राजकीय कल, ठिकाण, आर्थिक स्थिती, आणि धार्मिक श्रद्धा. शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचा. जो समाज रोज टीव्हीवर चर्चेचा विषय असतो, ज्याला नावावरून भाड्याने घर नाकारलं जातं, त्याने म्हणावं की माझ्या धर्माची आणि माझ्या वाचनाची यादी कुणी विकली तरी हरकत नाही? २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक बातमी आली होती. ती अँटिव्हायरसची नव्हती, पण नातं जवळचं आहे. नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारं मुस्लिम प्रो हे ॲप जगभर कोट्यवधी फोनमध्ये होतं. त्यातली वापरणाऱ्यांच्या ठिकाणाची माहिती एक्स-मोड नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते, असं मदरबोर्डने छापलं. बातमी आल्यावर ॲपने ते संबंध तोडल्याचं जाहीर केलं. किब्ला शोधणाऱ्या माणसाकडे लपवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. तरी त्याची पावलं मोजली गेली.

आणि लपवणं म्हणजे गुन्हा नव्हे. आपण दाराला पडदा लावतो, आंघोळीला कडी लावतो. आपांच्या लॅपटॉपमधले मुलींचे आधार क्रमांक आपांचे स्वतःचे नाहीत. ती अमानत आहे. माझं लपवण्यासारखं काही नाही म्हणून मी दुसऱ्याची अमानत कुणाच्याही हवाली करावी, ही परवानगी मला कुणी दिली?

"मग दुसरी कंपनी घेऊ," असं कुणी म्हणेल. जरूर घ्या, पण पाट्या बदलल्या म्हणून दुकान बदलत नाही. अव्हास्टने एव्हीजी २०१६ मध्ये विकत घेतली. नॉर्टनच्या कंपनीने आधी अविरा आणि मग २०२२ मध्ये अव्हास्ट आपल्यात घेतली. आज नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी, अविरा या चारही नावांची मालक जेन डिजिटल ही एकच कंपनी आहे. नॉर्टनने २०२१ मध्ये ग्राहकाच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टोचं नाणं खणण्याची सोय अँटिव्हायरससोबत दिली होती. वीज ग्राहकाची, मशीन ग्राहकाचं, आणि कमाईतले १५ टक्के कंपनीचे. ती सोय ग्राहकाने स्वतः चालू केली तरच चालायची, हे खरं. पण पहारेकऱ्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज त्यावरून येतो.

मग घरच्या कॉम्प्युटरसाठी पारख करायची कशी? यूट्यूबवर 'टॉप टेन फ्री अँटिव्हायरस' पाहून नव्हे. त्यातल्या कित्येकांना लिंकवरून झालेल्या विक्रीमागे कमिशन मिळतं. पारख करणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत: जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज. एव्ही-टेस्ट तीन विषयांचे गुण देते: संरक्षण, मशीनच्या वेगावर होणारा परिणाम, आणि वापरातली सुलभता, म्हणजे मुख्यतः खोटी ओरड किती. प्रत्येकाला ६, एकूण १८. तिसरा विषय किरकोळ समजू नका. २००८ मध्ये एव्हीजीने विंडोजचीच एक आवश्यक फाईल व्हायरस समजून पकडली आणि लोकांचे कॉम्प्युटर सुरू होईनात.

पण शिक्षक म्हणून मला या प्रगतिपुस्तकात एक रकाना रिकामा दिसतो. पोरगा गणितात हुशार आहे हे त्यातून कळतं, घरच्या गोष्टी बाहेर सांगतो का, हे कळत नाही. अव्हास्टलाही चाचण्यांत चांगले गुण मिळत होते. म्हणून गुण पाहिल्यावर चार प्रश्न आपण स्वतः विचारायचे. कंपनीचा पैसा कुठून येतो? मालक कोण? माहिती बाहेर पाठवणं सेटिंगमध्ये बंद करता येतं का? आणि काढून टाकायचं म्हटलं तर ते सरळ निघतं का? या चारांपैकी दोनांची उत्तरं मिळाली नाहीत, तर ते सॉफ्टवेअर घरात घेऊ नका.

माझं आजचं मत असं: विंडोज १० किंवा ११ असलेल्या साध्या घराला वेगळा फ्री अँटिव्हायरस टाकायची गरज नाही. विंडोज ८ पासून डिफेंडर हा पुरा अँटिव्हायरस विंडोजमध्येच येतो. सुरुवातीला तो कच्चा होता आणि चाचण्यांत मागे पडायचा. गेल्या काही वर्षांत एव्ही-टेस्टमध्ये त्याला वारंवार पूर्ण गुण मिळाले आहेत. तो लाल चौकटी दाखवून काही विकत नाही. मायक्रोसॉफ्ट ही काही संतांची कंपनी नाही, तीही माहिती गोळा करते. पण विंडोज घेतलं तेव्हा तिला पैसे आपण आधीच दिलेले आहेत, आणि विंडोज वापरतो म्हणजे ती घरात आहेच. मग त्याच घरात दुसरा परका कशाला? डिफेंडरच्या सेटिंगमध्ये संशयित फाईल आपोआप पाठवण्याचा पर्याय आहे, तो बंद करता येतो. त्याची एक उणीवही सांगतो: नेट बंद असताना त्याची पकड सैल होते, हे एव्ही-कंपॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांत दिसलं आहे. तेव्हा पेनड्राइव्ह लावायचाच असेल तर नेट चालू असताना लावा. शंका आली तर दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती चालवा. ती सांगितल्यावर तपासते, सतत पहारा देत नाही. आणि केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातही २०१७ पासून सफाईची साधनं विनामूल्य मिळतात.

आता कडू गोष्ट. आपल्या घरांत व्हायरस येतो तो बहुधा अँटिव्हायरस नव्हता म्हणून नव्हे, आपण दार उघडून त्याला आत घेतलं म्हणून. क्रॅक केलेलं विंडोज, क्रॅक केलेलं ऑफिस, आणि आम्हा उर्दूवाल्यांचं लाडकं, क्रॅक केलेलं इनपेज. उर्दू शाळांतल्या किती प्रश्नपत्रिका आणि किती लग्नपत्रिका चोरीच्या इनपेजवर तयार होतात, हे आपण सगळे जाणतो. मराठी बांधवांनीही फार हसू नये, श्रीलिपीच्या चोरट्या प्रती गावोगावी फिरलेल्या आहेत. क्रॅकसोबत येणाऱ्या सूचनेतली पहिली ओळ तुम्ही वाचली आहे का? आधी अँटिव्हायरस बंद करा, असं त्यात सांगितलेलं असतं. घरफोड्याने बाहेरून आवाज द्यावा की आधी कुत्रा बांधा, आणि आपण बांधावा, असा हा प्रकार.

इनपेजची गोष्ट गंमतीची नाही. २०१६ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की इनपेजमधल्या एका कच्च्या दुव्याचा वापर करून, साध्या दिसणाऱ्या इनपेज फाईलमधून, आशिया आणि आफ्रिकेतल्या बँका आणि सरकारी कार्यालयांवर हल्ले होत होते. म्हणजे आपल्या लिपीची, आपल्या सवयीची कुणीतरी नीट पाहणी केली होती. चोरीच्या प्रतीला दुरुस्तीचे अपडेट कुठून मिळणार? आणि हलाल-हरामची चर्चा बिस्किटाच्या पाकिटावरचे बारीक अक्षर वाचून करणारे आपण, दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी मात्र कीबोर्डवर बोट ठेवून रोज करतो.

"गरिबाने काय करावं?" हा प्रश्न रास्त आहे. पालक रिक्षा चालवतात, यंत्रमागावर काम करतात. त्यांना मी महागडं सॉफ्टवेअर घ्या म्हणणार नाही. पण प्रामाणिक फुकटही असतं. लिबरऑफिस कायदेशीरपणे विनामूल्य आहे, त्यात उर्दू आणि मराठी दोन्ही युनिकोडमध्ये लिहिता येतं. नस्तालीकसाठी गुगलचा नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट विनामूल्य आहे. लिनक्सचा उबंटू किंवा मिंट जुन्या मशीनवर टाकता येतो. या फुकटामागचा हिशोब उघडा आहे: कुणी देणगी देतं, कुणी श्रम देतं, आणि आत काय लिहिलंय ते जाणकाराला वाचता येतं. मला फुकटाचा राग नाही, ज्या फुकटाचा हिशोब दाखवला जात नाही त्याचा आहे.

अजून एक सावधगिरी. विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. डिफेंडरची व्हायरसची यादी मात्र त्यावर २०२८ पर्यंत ताजी होत राहणार आहे. म्हणजे हिरवी खूण दिसेल, आणि भिंतीला पडलेली भोकं तशीच राहतील. मशीन चालत असेल तर विंडोज ११ वर न्या, नाहीतर लिनक्सवर.

आपांच्या लॅपटॉपचं काय झालं? दोन्ही पहारेकरी काढले, टूलबार काढला, डिफेंडर चालू केला, विंडोजचे अडकलेले अपडेट पूर्ण होऊ दिले. रोजच्या कामासाठी साधं खातं वेगळं केलं, म्हणजे काही आत यायला पाहिलं तर आधी पासवर्ड मागेल. मुलींच्या याद्यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती कपाटात ठेवायला सांगितली. खर्च आला तो फक्त हार्ड डिस्कचा. लॅपटॉप परत नेताना आपा म्हणाल्या, "सर, एवढंच होतं तर दुकानदाराने का नाही सांगितलं?" मी म्हटलं, त्याला विचारा की ते सॉफ्टवेअर टाकल्याबद्दल त्याला काय मिळालं. त्या दुसऱ्या दिवशी खरंच विचारायला गेल्या. तो हसला आणि चहा मागवला, उत्तर दिलं नाही. या जूनमध्ये तुम्हीही आपापल्या दुकानदाराला हा प्रश्न विचारून पाहा.